ऑस्टडी: वय 42, डिप्लोमा ऑफ नर्सिंग, मेलबर्न, माझा अनुभव

दीड वर्ष ऑस्टडी घेतलं, डिसेंबरमध्ये कोर्स संपला, म्हणून आता नीट लिहिते. 5 पैकी 4 स्टार. एक कापला तो रकमेसाठी, ते खाली सांगतेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 25 वर्षं पूर्ण झालेला माणूस फुल टाइम शिकत असेल आणि घरात उत्पन्न कमी असेल तर ऑस्ट्रेलिया सरकार सेंटरलिंकमधून (भत्ते देणारं सरकारी ऑफिस) दर पंधरा दिवसांनी जे पैसे देतं ते ऑस्टडी. हे कर्ज नाही, परत करायचं नाही, टॅक्स रिटर्नमध्ये मात्र दाखवावं लागतं. पुण्याहून स्टुडंट व्हिसावर आलेली मुलं सारखी विचारतात म्हणून आधीच सांगते, त्यांना हे मिळत नाही. नुकताच पीआर (कायम राहायचा परवाना) झाला असेल तरी साधारण 4 वर्षं थांबावं लागतं.

आमचं असं झालं की नवऱ्याची पाठ गेली आणि वेअरहाऊसच्या शिफ्ट आठवड्याला दोनवर आल्या. मी एज्ड केअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीत, सात वर्षं काढलेली, अंघोळी घाल, भरव, उचल, बसव, आणि गोळ्या द्यायला मात्र दरवेळी नर्सला हाक मारायची, ते काम मला येत होतं पण कागद नव्हता. व्हिक्टोरियात हा डिप्लोमा फ्री टेफमध्ये आहे (टेफ म्हणजे सरकारी व्यवसाय-शिक्षणाची कॉलेजं), म्हणजे फी नाही. पण फी नसली म्हणून भाडं थोडंच थांबतं?

तरी पहिलं सेमिस्टर मी अर्जच केला नाही. ओळखीतल्या ताई म्हणाल्या अगं नवरा कमावता असला की काही मिळत नाही, मी तेच धरून बसले. हे चुकीचं आहे हो! नवऱ्याचं उत्पन्न एका मर्यादेवर गेलं की तुमची रक्कम हळूहळू कमी होते, एकदम शून्य होत नाही, आणि कॅज्युअल कामवाल्याचं उत्पन्न बऱ्याचदा त्या मर्यादेच्या आसपासच असतं. सहा महिने गेले ते गेले, मागचे पैसे मिळत नाहीत. त्या सहा महिन्यांत मी रात्रपाळी करून सकाळी अ‍ॅनाटॉमीच्या वर्गात बसत होते, एकदा ट्रेनमध्ये झोप लागून दोन स्टेशनं पुढे गेले आणि तिथल्या बाकावर बसून रडले.

अर्ज मायगव या सरकारी वेबसाइटवरून, सगळं ऑनलाइन. वेळ खातो तो मालमत्तेचा भाग. परदेशातली मालमत्ताही दाखवावी लागते आणि जोडीदाराचीसुद्धा. यांच्या नावावर कराडजवळ सामाईक वीस गुंठे आहेत, चार भावांत. दिरांना फोन केला, भाऊजी सातबारा पाठवा, ते म्हणाले वहिनी तिकडच्या सरकारला आमच्या शेताचं काय पडलंय. पण पाठवला बिचाऱ्यांनी, मग यांचा हिस्सा काढून अंदाजे किंमत डॉलरमध्ये लिहिली. लपवू नका कुणी, वडिलोपार्जित आहे, आपल्याला त्यातून काही येत नाही, असं असलं तरी लिहा. राहतं घर धरत नाहीत आणि मर्यादा बऱ्यापैकी वर आहे, गुंठ्यांनी काही अडत नाही.

दुसरा घोळ कॉलेजच्या ऑफिसचा, नाव घेत नाही. फुल टाइम म्हणजे पूर्ण लोडच्या निदान 75 टक्के लागतं, आणि माझं एक युनिट त्यांनी सिस्टममध्ये चढवलंच नव्हतं त्यामुळे कागदावर मी पार्ट टाइम. दोन चकरा, तीन ईमेल, मग झालं. म्हणून अर्जाआधी एन्रोलमेंटचं पत्र हातात घेऊन युनिटं मोजा.

आता पैसे. मुलं नसलेल्याचा पूर्ण रेट 2024 ला पंधरवड्याला 639 डॉलर होता, 2025 ला 663.30. मुलं असली तर थोडा जास्त, पण आमच्या हातात यांच्या पगारामुळे कमीच यायचे. आणि माझा राग इथे आहे. त्याच 2025 च्या मार्चमध्ये एकट्या बेकार माणसाला जॉबसीकरचे, म्हणजे बेकारी भत्त्याचे, पंधरवड्याला 781.10 मिळत होते. म्हणजे शिकायला बसलं की शंभराहून जास्त डॉलर कमी? वह्यापुस्तकं, प्रवास, हॉस्पिटलचे बूट, खर्च तर शिकणाऱ्याचा जास्त असतो. शिवाय जॉबसीकर वर्षातून दोनदा वाढतं आणि हे फक्त 1 जानेवारीला. हा भेद चुकीचा आहे आणि बदलायला हवा, मी आमच्या खासदारांना तसं लिहिलंय.

सगळ्यात आवडलं ते इन्कम बँक, आणि कुणी सांगतच नाही याबद्दल. दर पंधरवड्याला ठरावीक कमाईपर्यंत रक्कम कापत नाहीत, त्यापुढे डॉलरमागे 50 सेंट आणि आणखी वर 60 सेंट कापतात. पण तुम्ही कमी कमावलंत तर न वापरलेली मर्यादा तुमच्या नावावर साठत जाते. परीक्षेच्या दिवसांत मी एकच शिफ्ट करायचे, क्रेडिट साठायचं, आणि डिसेंबर-जानेवारीत भरपूर शिफ्ट केल्या तरी ऑस्टडीला धक्का लागला नाही. घर चाललं ते यावर.

रिपोर्टिंग दर पंधरा दिवसांनी अ‍ॅपवर. टॅक्स कापायच्या आधीची रक्कम लिहायची आणि काम कधी केलं ते नाही, पगार कधी जमा झाला ते बघायचं. मी प्रत्येक पेस्लिप ठेवते. रोबोडेट आठवतं ना, सरकारच्या कॉम्प्युटरने वर्षाची कमाई पंधरवड्यांत सारखी वाटून लोकांच्या डोक्यावर खोटी कर्जं टाकली, 2019 ला कोर्टात बेकायदा ठरलं, 2023 ला रॉयल कमिशनचा (चौकशी आयोगाचा) अहवाल आला. ज्यांच्याकडे जुन्या स्लिपा नव्हत्या ते फार भोगले.

हेल्थ केअर कार्डही मिळतं, औषध 7.70 डॉलरला आणि मायकी (इथलं ट्रेन-बसचं कार्ड) कन्सेशनवर, सासूबाईंच्या भाषेत मिठाला जागेल इतकं ते कार्ड कामाला आलं.

या डिप्लोमात निदान 400 तास प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष काम, असतं, बिनपगारी, आणि त्या आठवड्यांत शिफ्ट करणं अशक्य. जुलै 2025 पासून त्यासाठी वेगळं प्रॅक पेमेंट सुरू झालंय, 2025 ला सुरुवातीला आठवड्याला 331.65 डॉलर होतं, नर्सिंगवाल्यांनी कॉलेजला जरूर विचारा. माझं शेवटचं प्लेसमेंट सर्जिकल वॉर्डला होतं, तिथे सुपरव्हायझरसमोर मी पहिल्यांदा स्वतः औषधाचा चार्ट वाचला, मनगटावरचा बँड तपासला आणि एका आजोबांना रक्तदाबाची गोळी दिली. ते थँक यू डार्लिंग म्हणाले, बास, एवढंच.

कोर्स सुरू व्हायच्या 13 आठवडे आधीपासून अर्ज करता येतो. फेब्रुवारीचा इनटेक असेल तर नोव्हेंबरातच करून टाका, आणि सातबारा गावाकडून आत्ताच मागवा.