गिअरच्या तुटलेल्या दातावर गंज दिसला, तरी मी ३१,६०० रुपये मोजले

गॅरेजमध्ये फसलो आणि लाजेपायी दोन महिने गप्प होतो. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. पण पिकअपवर ज्यांचं पोट आहे, त्यांच्यातल्या एकाचे जरी पैसे वाचले तरी लिहिल्याचं चीज होईल.

गाडी उचलताना मागून ‘टक्’ वाजायचं. पहिला टाकून क्लच सोडला की एकदा, ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दाबला की आणखी एकदा. रिव्हर्सला तर खालून कुणीतरी हातोडा मारल्यासारखं. चालत्या गाडीत घूंऽऽ असा आवाज मात्र अजिबात नव्हता, आणि मी विसरलो ते नेमकं हेच. क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, गेलं असेल तर गाडी वेगात गाते, ॲक्सिलेटर दाबला-सोडला की सूर बदलतो. नुसतं ‘टक्’ असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) बघायचे, मग त्या दांड्याचं सेंटर बेअरिंग, मग स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट. नऊ वर्षं गाडी चालवतोय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सीझन ऐन भरात होता, माल बांधून तयार होता, व्यापाऱ्याचे दिवसाला दहा फोन. अशा वेळी डोकं चालत नाही.

मिस्त्रीने गाडी खालून बघितली, बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाला, “दादा, क्राउन गेला. असंच चालवलं तर घाटात हौसिंग फुटेल.” हौसिंग म्हणजे क्राउन ज्यात बसतो तो लोखंडी डबा. घाट म्हटलं की आपण संपतो. हे त्यालाही माहीत असतं. दहा हजार तिथल्या तिथे फोनवरून पाठवले.

संध्याकाळी त्याने बोलावून ‘माझा’ क्राउन दाखवला. एक दात अर्धा उडालेला. मी हातात घेतला, अंगठा फिरवला. तुटलेल्या जागी तांबूस गंज होता, बोटाला भुकटी लागली. अरे, जो दात कायम तेलात बुडालेला असतो तो आत बसून गंजेल कसा? कालपरवा तुटला असता तर ती जागा चांदीसारखी चमकली असती, आणि क्राउन तेलाने बरबटलेला असता. हा कोरडा ठक्क होता. मनात आलंही. पण समोर दोन पोरं चहा घेऊन उभी, मिस्त्री “शेठ, शेठ” करतोय, आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा हिशेब असा: क्राउन-पिनियन १८,५००, बेअरिंग किट ६,२००, तेल १,४००, मजुरी ५,५००. पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर, म्हणाला. मी कच्च्या चिठ्ठीवर राहिलो. ती माझी दुसरी अक्कल.

गाडी घेऊन निघालो, पहिल्याच वळणावर ‘टक्’. फोन केला तर म्हणे, “नवीन दात आहेत, बसायला पाचशे किलोमीटर लागतील.” हे वाक्य कुणी ऐकवलं तर तिथेच गाडी वळवा.

दुसऱ्या मिस्त्रीने चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली आणि शाफ्ट हाताने उलटसुलट पिळला. क्रॉसचा एक कान हलायचा, दुसरा जागेवरच. क्रॉसच्या कपाभोवती तांबडी पूड, म्हणजे आतल्या बेअरिंगच्या सुया ग्रीसवाचून कोरड्या पडलेल्या. दोन क्रॉस ९००, मजुरी ५००. ‘टक्’ गेलं. मग त्याने हौसिंगच्या कव्हरवर टॉर्च मारला. बोल्टांवर गेल्या पावसाळ्याचा चिखल जसाच्या तसा होता. कव्हर उघडलंच नव्हतं! १,४०० चं तेलसुद्धा टाकलं नव्हतं.

पोलिसांकडे गेलो. “हा दिवाणी मामला आहे.” आरटीओत म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार दिली, क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नसते म्हणून उत्साहाने गेलो, तर खिडकीतून पहिला प्रश्न: “नंबरची पाटी पिवळी ना? मग व्यवसायासाठी, तुम्ही ग्राहक नाही.” मी म्हटलं, स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणाऱ्याला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सूट आहे. उत्तर आलं, ती सूट विकत घेतलेल्या वस्तूची, तुमची तक्रार दुरुस्तीची, वकील लावा. म्हणजे ३१,६०० परत मिळवायला आधी वकिलाला द्यायचे. चिठ्ठी दाखवली तर हसले. त्यावर गाडीचा नंबरही नाही. मोठ्या शोरूमवाल्याने फसवलं असतं तर निदान लेटरहेड तरी मिळालं असतं!

काम सुरू होण्याआधी जुना पार्ट परत हवा म्हणून सांगा, आणि तो गाडीतून निघताना तिथे उभे राहा. हौसिंगच्या बोल्टांवर रंगाची एक रेघ ओढून फोटो काढा. क्राउन-पिनियन बसवणाऱ्याकडे बॅकलॅश (दातांमधली फट) मोजायचा डायल गेज आहे का, ते विचारा. “कशाला लागतो?” म्हणाला तर चावी परत घ्या.

मी जुने पार्ट मागायला गेलो तेव्हा “भंगारात गेले” असं उत्तर मिळालं. गेल्या शुक्रवारी तिथून जाताना मुद्दाम हळू झालो. तो क्राउन बाकाखाली होता, अर्धा उडालेला दात वर करून. दाराशी एक पिकअप लागली होती, आणि तिचा मालक हात पाठीमागे बांधून मिस्त्रीचं ऐकत होता.