स्प्लिट फंडाचा नवा इश्यू: प्रेफर्ड घ्यावेत की क्लास ए?

टोरोंटोच्या बाजारात एखाद्या स्प्लिट शेअर फंडाने नवे शेअर काढले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, 'दादा, यातले कुठले घेऊ?' असा फंड काही कंपन्यांचे, आमच्या बाबतीत कॅनडाच्या बँकांचे, शेअर घेतो आणि त्यावर स्वतःचे दोन तऱ्हेचे शेअर विकतो: प्रेफर्डला ठरलेला लाभांश आणि पैशांवर पहिला हक्क, क्लास एला उरलेला नफा-तोटा. मी दोन्ही सांभाळले आहेत आणि तेही एकाच फंडाचे. २०२१ साली माझ्या टीएफएसए, म्हणजे कॅनडातल्या करमुक्त बचत खात्यात क्लास ए घेतले, बायकोच्या खात्यात प्रेफर्ड. आतल्या बँका त्याच, व्यवस्थापक तोच. माझ्याकडे मोजमाप म्हणाल तर ही दोन खाती आहेत, त्यामुळे बोलतो ते तेवढ्यावरच.

रचना एवढीच, एक हिशोब मात्र मनात पक्का ठेवा. एक प्रेफर्ड आणि एक क्लास ए मिळून एक युनिट होतं. सुरुवातीला ते साधारण २५ डॉलरचं असतं, १० प्रेफर्डचे आणि १५ क्लास एचे. बँकांचे शेअर २० टक्के पडले की युनिट २० वर येतं. प्रेफर्डचे १० शाबूत राहतात आणि क्लास एचे १५ चे १० होतात, म्हणजे एक तृतीयांश गेले. चढतानाही हेच उलट्या दिशेने होतं. हे समजून-उमजून पैसे घातले होते, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही.

क्लास एची ओढ कुणालाही वाटेल अशीच आहे. आमच्या फंडात महिन्याला शेअरमागे १० सेंट मिळायचे. आठ डॉलरच्या शेअरवर वर्षाला १.२० म्हणजे १५ टक्के. त्यातून मुलीच्या पोहण्याच्या क्लासची फी परस्पर निघायची. पण युनिटचं मूल्य १५ डॉलरच्या खाली असेल तर त्या महिन्याचा लाभांश मिळत नाही. मार्च २०२० मध्ये बऱ्याच फंडांच्या क्लास एवाल्यांनी हे सोसलं. आमच्यावर ती वेळ २०२३ च्या शरदात आली. त्या महिन्यात बायकोच्या खात्यात प्रेफर्डचे पैसे ठरल्या दिवशी जमा झाले आणि माझ्या खात्यात काही आलं नाही. वाईट वाटलं, पण नियम आधी वाचलेला होता. शिवाय ती अट प्रेफर्डच्या राखणीसाठीच असते.

मी क्लास एला कंटाळलो तो वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण म्हणजे हे नवे इश्यूच.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. गो ट्रेनने घरी येत होतो. बाजार चारला बंद झालेला, आणि साडेचारच्या सुमारास फोनवर बातमी आली: फंड नवे प्रेफर्ड आणि क्लास ए विकणार, मागणीची नोंद उद्या सकाळी नऊपर्यंत. क्लास एचा इश्यू भाव ७.७०. मी त्याच आठवड्यात ८.१५ ने आणखी शेअर घेतले होते. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तो ७.६८ वर. ४७ सेंट, म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांचा लाभांश एका रात्रीत गेला. बँकांचे शेअर त्या सकाळी जागचे हललेसुद्धा नव्हते!

यात कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. इश्यूचा भाव असा लावतात की जुन्या शेअरधारकांचं युनिटमागचं मूल्य घटू नये. कागदावर माझं काही गेलं नव्हतं, गेला तो प्रीमियम, म्हणजे बाजाराने खऱ्या मूल्याच्या वर चढवलेला भाव. पण मेख तिथेच आहे. व्यवस्थापकाची फी मालमत्तेवर असते, त्यामुळे फंड मोठा व्हावा असं त्याला वाटणारच. आणि नवे शेअर काढणं जमतं ते भाव मूल्याच्या वर गेल्यावरच. म्हणजे क्लास ए जरा अंग धरू लागला की इश्यू आलाच. माझ्या खात्यात हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळेपर्यंत माझी अवस्था अशी की भाव वाढला तरी आनंद होईना, पोटात गोळाच यायचा.

त्याच सकाळी प्रेफर्ड १०.४० वरून १०.३३ वर आला होता. बायकोला ते मी सांगितलं तेव्हा कळलं.

प्रेफर्डचंही सगळं गोड नाही. मार्च २०२० मध्ये बरेचसे प्रेफर्ड १० च्या चांगलेच खाली गेले होते आणि घाबरून विकणाऱ्यांचं नुकसान झालं. फंडाची मुदत बहुधा पाच वर्षांची असते आणि ती संपत आली की फंड ती वाढवून प्रेफर्डच्या लाभांशाचा दर नव्याने ठरवतो. तेव्हा बाहेर पडायचं तर हातात १० डॉलर मिळतात, ज्याने १०.६० ने घेतला त्याचे ६० सेंट बुडाले. म्हणून १० च्या फार वर जाऊन घेऊ नये असं मला वाटतं. आणि वाढ तर नाहीच. २०२५ मध्ये कॅनडाच्या बँका उसळल्या तेव्हा बायकोच्या खात्यातला आकडा होता तिथेच राहिला, माझा मात्र वर गेला. एकूण मिळकत मांडली तर कदाचित मीच थोडा पुढे असेन. पण त्यासाठी जितकी धाकधूक सोसली ती पाहता तो फरक मला पुरेसा वाटत नाही.

तुमचं वय कमी असेल, मिळकत चालू असेल आणि बँकांवर भरवसा असेल, तर क्लास ए वाईट नाही. फक्त चढ्या भावात बाजारातून उचलू नका. थांबा, इश्यू येऊ द्या आणि इश्यूच्याच भावाने ब्रोकरकडे मागणी नोंदवा. त्यावर कमिशनही लागत नाही. दरमहा ठरलेली रक्कम हवी असेल, विशेषतः आई-वडिलांच्या नावावर घेत असाल, तर प्रेफर्ड. आणि बँकांच्या वाढीचीच हौस असेल तर मधे फंड तरी कशाला? बँक ऑफ मॉन्ट्रियल १८२९ पासून लाभांश देते आहे, ती थेट घेता येते.

मी निम्मे क्लास ए विकून तेच केलं. उरलेले निम्मे अजून आहेत, पण त्यात भर घालत नाही. पुढच्या इश्यूची बातमी आली की त्याच संध्याकाळी बायकोच्या खात्यातून प्रेफर्डची मागणी नोंदवायची, एवढं आमचं ठरलं आहे.