१२ व्होल्टचा एसएमपीएस कॅम्परच्या बॅटरीला लावताना: व्होल्टेज सहज वाढतं, करंट आवरावा लागतो

जाळीदार पत्र्याच्या पेटीतला १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा एसएमपीएस (मेन्सच्या एसीपासून डीसी बनवणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) मुळात एलईडी पट्ट्या आणि कॅमेरे चालवण्यासाठी बनलेला असतो. टर्मिनलशेजारी छोटा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर, असतो. तो फिरवला की व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून कॅम्पर व्हॅनमध्ये चार्जर म्हणून हाच बसवावा असं अनेकांना वाटतं. वस्तू चांगली आहे: दणकट, उघडून दुरुस्त करता येणारी, वजनाच्या मानाने भरपूर ताकदीची. पण नुसता प्रीसेट फिरवून चार्जर तयार होत नाही. रिकामी बॅटरी जोडल्यावर करंट आपणहून ठरलेल्या मर्यादेत राहतो का, यावर या पेटीची खरी किंमत ठरते.

उघडण्याआधी एक गोष्ट. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरांवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतं. मल्टिमीटरने मोजून ते उतरल्याची खात्री करा, मगच हात घाला. ११५/२३० चा स्लाइड स्विच असेल तर तोही तपासा. तो ११५ वर राहिला आणि २३० दिले, तर ते कपॅसिटर फुटतात. सगळे बदल ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटकडच्या बाजूलाच करायचे, मेन्सच्या बाजूला काहीही जोडायचं नाही.

प्रीसेट बहुधा १३.८ व्होल्टच्या आसपास थांबतो. एजीएम बॅटरीला (बंद प्रकारची लेड ॲसिड) २५ अंशांना १४.४ ते १४.७ लागतात, लिथियम आयर्न फॉस्फेटला १४.२ ते १४.६. १३.८ वर लेड ॲसिड बॅटरी भरते, पण फार सावकाश. रोज वापर असेल तर ती अर्धपोटीच राहते आणि प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं. व्होल्टेज वाढवायचं तर फीडबॅकच्या विभाजकातला, म्हणजे आउटपुटचा ठरावीक अंश नियंत्रणाकडे परत नेणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या जोडीतला, खालचा रेझिस्टर कमी करायचा. टीएल४३१ (२.५ व्होल्टचा संदर्भ देणारी आयसी) असलेल्या बोर्डावर वरचा १० किलोओहम आणि खालचा २.६ असेल, तर आउटपुट २.५ × (१ + १०/२.६), म्हणजे १२.१ व्होल्ट येतं. खालच्याला ११ किलोओहम समांतर जोडला की तो २.१ होतो आणि आउटपुट १४.४ वर जातं. प्रत्येक बोर्डाचे आकडे वेगळे असतात, म्हणून आधी मोजा, मग सोल्डर करा. रेझिस्टर १ टक्का मेटल फिल्मचाच घ्या. कार्बनचा तापला की सरकतो.

वाढवल्यावर सप्लाय सुरू होऊन लगेच बंद पडला, तर ओव्हरव्होल्टेज संरक्षण आड आलंय. ते काढून टाकू नका. त्यातला झेनर (ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) एक पायरी वरचा बसवा, संरक्षण १५.५ च्या आसपास सुटेल असा. आउटपुटचे कपॅसिटर १६ व्होल्टचे असतील तर २५ व्होल्टचे, लो ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेले) आणि १०५ अंशांचे घाला. १४.६ व्होल्टवर १६ चा कपॅसिटर चालतो, पण बंद कपाटातल्या उष्णतेत फार दिवस टिकत नाही.

आता मुख्य मुद्दा. उतरलेली बॅटरी मागेल तेवढा करंट ओढते, आणि बहुतेक एसएमपीएस अशा वेळी ‘हिचकप’ मध्ये जातात: बंद, चालू, पुन्हा बंद. हिरवा दिवा लुकलुकतो, आतून बारीक टिक्-टिक् ऐकू येते आणि चार्जिंग जवळजवळ शून्य. घेण्याआधी एक सोपी परीक्षा करता येते: ५५ वॉटचे दोन-तीन हेडलाइट बल्ब समांतर एकदम जोडा. थंड फिलामेंट सुरुवातीला कित्येक पट करंट ओढतं. सप्लाय अडखळत राहिला आणि बल्ब पेटलेच नाहीत, तर तो आहे तसा बॅटरीसाठी नको.

टीएल४९४ किंवा केए७५०० ही नियंत्रक आयसी असलेली जुन्या घडणीची पेटी इथे खूप उजवी ठरते, कारण त्या आयसीत दुसरा एरर ॲम्प्लिफायर (मोजलेलं मूल्य ठरलेल्या मर्यादेशी ताडून आउटपुट आवरणारा भाग) तयारच असतो. ऋण तारेत ५ मिलिओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायचा अगदी लहान रेझिस्टर, घाला. २० अँपिअरला त्यावर १०० मिलिव्होल्ट पडतात आणि २ वॉट उष्णता होते, म्हणून शंट किमान ५ वॉटचा घ्या. शंटची बॅटरीकडची बाजू पिन १६ ला न्या. पिन १४ वरचे ५ व्होल्ट ४९ किलोओहम आणि १ किलोओहमने विभागले की तेच १०० मिलिव्होल्ट मिळतात. ते पिन १५ ला. या दोन पिनांना जोडलेले मूळ ट्रॅक आधी कापावे लागतात. पिन ३ आणि १५ यांच्यामध्ये १० नॅनोफॅरॅड आणि काही किलोओहम एकामागे एक लावून सुरुवात करा. हे गाळलं तर मर्यादेवर आल्यावर सप्लाय शिट्टी मारतो आणि करंट थरथरतो. याहून छोटा शंट मोहात पाडतो, पण २०-३० मिलिव्होल्टच्या खुणेपुढे ॲम्प्लिफायरची स्वतःची काही मिलिव्होल्टची चूकही जाणवू लागते.

मर्यादा २० अँपिअरच ठेवा. ३६० वॉटची पेटी १४.४ व्होल्टवर जास्तीत जास्त २५ देऊ शकते, आणि तासन्‌तास पूर्ण भार हे तिचं काम नव्हे. १०० अँपिअर-तासाच्या लेड ॲसिडला १० ते २० पुरतात.

पेटीत टीएल४९४ नसेल आणि एवढं सोल्डरिंग करायचं नसेल, तर दोन नॉब असलेला बेंच सप्लाय घ्या. त्यात करंटची मर्यादा मुळातच असते. फक्त प्रवासात नॉब धक्क्याने फिरतात, त्यांच्यावर झाकण हवंच.

उलटी जोडलेली बॅटरी सप्लायच्या रेक्टिफायरमधूनच वाहू लागते, क्षणात. बॅटरीच्या धन टोकाजवळ ३० अँपिअरचा फ्यूज त्यासाठी हवाच. मेन्स गेल्यावर बॅटरी उलट पंखा आणि दिवा पोसत बसू नये म्हणून शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा, कमी व्होल्टेज खाणारा) लावतात. २० अँपिअरला त्यावर अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे १० वॉट, हीटसिंक लागतो. शेवटी करंट उतरला की हीच घट ०.३ वर येते. म्हणून व्होल्टेज लावताना १-२ अँपिअरच्या भारावर, डायोडच्या पलीकडे, थेट बॅटरीच्या टोकांवर मोजा. पूर्ण करंटवर लावलं तर शेवटी बॅटरीला डायोडमुळेच ०.२ व्होल्ट जास्त मिळतील, आणि लिथियमला तेवढेही नकोत.

तार जाड घ्या. ३ मीटर अंतर, ६ चौरस मिलिमीटर तांबं, २० अँपिअर: जाण्यायेण्यात ०.३७ व्होल्ट गळतात. १० चौरस मिलिमीटरमध्ये ०.२२.

या पेटीची उणीव अशी की तिला टप्पे कळत नाहीत. १४.४ वर ती कायम १४.४ च देत राहणार. १०० अँपिअर-तासाच्या लेड ॲसिडला करंट २ अँपिअरवर आला की थांबवा किंवा १३.६ वर उतरवा. आठवडाभर तशीच सोडली तर पाणी उडतं. तेवढ्याच लिथियमला ५ अँपिअरवर पूर्ण तोडा. शून्य अंशांखाली लिथियम चार्ज करायचीच नाही, आणि ते या सप्लायला कळणार नाही, बीएमएसला (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटला) कळलं पाहिजे. ज्याला रात्रभर लावून विसरायचं आहे, त्याने टप्प्यांचा तयार चार्जरच घ्यावा.

पाणी घालायच्या लेड ॲसिड बॅटरीच्या कप्प्यात ही पेटी ठेवू नका. तिथे हायड्रोजन साठतो आणि पेटी उघडी असते. हादऱ्यांनी टर्मिनलचे स्क्रू सैल होतात, म्हणून तारांच्या टोकांना फेरूल (धातूची छोटी नळी) दाबा आणि पहिल्या प्रवासानंतर स्क्रू पुन्हा आवळा. व्होल्टेज पक्कं झालं की प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, तो जागचा हलणार नाही.