भीमबेटका की कोकणातली कातळशिल्पं?

हाताशी दोनच दिवस असतील, तर आदिमानवाची चित्रं कुठे पाहावीत?

भीमबेटक्यात खडकांच्या आडोशाला रंगवलेली चित्रं आहेत, कोकणात सपाट कातळावर कोरलेली. पोहोचायला भीमबेटका सोपं. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटर, आत पायवाट आणि पाट्या. शैलाश्रय, म्हणजे खडकाचे आडोसे, सातशेहून जास्त असले, तरी पाहायला पंधराएकच खुले. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, वाटाड्या घ्याच, नाहीतर पायाखाली कोरलेला हत्ती दिसायचा नाही.

उजेड हा खरा मुद्दा. भीमबेटक्याची गेरूची नि पांढऱ्या रंगाची चित्रं आडोशाला आहेत, भरदुपारीही दिसतात. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या कोरीव रेषा मात्र सावलीवर जगतात: ऊन डोक्यावर आलं की सपाट होतात. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. पावसाळ्यात शेवाळ, नंतर गवत. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका, तसंच चित्रांवर पाणीही मारू नका.

अर्थाच्या बाबतीत भीमबेटका बोलकं. शिकार, नाच, मिरवणूक ओळखता येते. चित्रावर चित्र काढलेलं असल्याने आधीचं-नंतरचंही कळतं. कोकणात कशेळीचा अठराएक मीटरचा हत्ती उभ्याने नजरेत मावत नाही, मग तो कोणासाठी कोरला? बारसूला दोन वाघांमध्ये माणूस आहे. हडप्पाच्या मुद्रांशी साम्य दिसतं, पण तेवढ्यावरून नातं जोडणं घाईचं. रंग नाही, मातीचे थर नाहीत, म्हणून काळ ठरवणंही अवघड.

मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील, तर भीमबेटका. कोड्यापाशी तासभर रेंगाळणाऱ्याने कोकण गाठावं, नोव्हेंबरनंतर.