बाबांचं कॅबिनेट आणि ९५० रुपयांचा निबलर

पुण्यातल्या बोहरी आळीत तिसऱ्या दुकानात निबलर, म्हणजे पत्रा कुरतडत कापायचं हातातलं अवजार, मिळाला. आधीच्या दोघांनी "पत्रा कापायचाय ना ताई? मग ही घ्या की," म्हणत पत्राकात्रीच पुढे केली होती. एक कात्री मी घेतलीही. घरी येऊन जुन्या सीडी ड्राइव्हच्या झाकणावर चालवून पाहिली, तर कापलेली कड लाटेसारखी वरखाली झाली आणि ठोकून सरळ करताना पत्र्याला पोचे आले. हेच बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर झालं असतं तर घास गोड लागला नसता. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

कॅबिनेट २००३ सालचं. बाबा तेव्हा घरी डीटीपीची कामं घ्यायचे, बहुतेक लग्नपत्रिकाच. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यातून मजकूर यायचा, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप व्हायचा आणि रात्री अकरा वाजता नवरीच्या मामांचं नाव राहिलं म्हणून फोन खणखणायचा. असेंबल केलेलं मशीन, पेंटियम फोर, मळकट पांढरा डबा. बाबा गेले त्याच्या आधीच मदरबोर्ड बंद पडला होता. डबा भंगारवाल्याला द्यायला मात्र माझा जीव होईना.

कॅबिनेटचं साइड पॅनेल मी पिशवीत घालून दुकानात नेलं होतं. दुकानदार काकांनी व्हर्नियर लावून जाडी सांगितली, ०.८ मिलिमीटर. हल्ली स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी कॅबिनेटचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जातो. शिवाय इंटेलने १९९५ मध्ये मदरबोर्डसाठी एटीएक्स नावाची जी मापं ठरवली, त्यावर मदरबोर्ड आजही बसतात. माझा २०१७ चा बोर्ड त्याच जुन्या पितळी स्टडवर स्क्रूला स्क्रू जुळून बसला. अडचण हवेची होती. पुढून हवा यायला चार बारीक चिरा आणि मागे ८० मिलिमीटरचा एकच पंखा. पुढच्या पत्र्याला १२० चा पंखा लावायचा तर मोठं गोल भोक पाडायला हवं. कापायचंच आहे तर साइडला खिडकीही कर, असं लेकीने सांगून टाकलं.

ग्राइंडर आमच्या धनकवडीच्या दोन खोल्यांत चालवणं शक्यच नव्हतं, ठिणग्या कुठे उडतील सांगता येत नाही. जिगसॉने, म्हणजे विजेवरच्या वरखाली चालणाऱ्या करवतीने, पातळ पत्रा थरथरतो आणि ब्लेड उडी मारतं. आणि मला उडी मारलेली चालणार नव्हती, कारण साइड पॅनेल उलटं केल्यावर आतून बाबांचं अक्षर निघालं. काळ्या मार्करने लिहिलेलं, "१२-८-०५ रॅम २५६ घातली", त्याखाली "पंखा बदलला, आवाज गेला". मी खिडकीची खालची रेघ त्या अक्षरांच्या बोटभर वर आखली.

निबलर दिसायला पंचिंग मशीनसारखा. मूठ दाबली की टोकातला चौकोनी दात खाली येतो आणि पत्र्याचा एक तुकडा तोडून बाहेर टाकतो. कात्रीत पत्र्याच्या दोन्ही कडा एकमेकींपासून रेटल्या जातात, म्हणून पत्रा वाकतो. इथे मधला तुकडाच निघून जातो, त्यामुळे दोन्ही बाजू सपाट राहतात. आवाज फक्त 'कट' असा. दुपारी दोन वाजता कापत बसले तरी शेजारच्या काकूंना पत्ता लागला नाही. टोक आत शिरायला आधी १२ मिलिमीटरचं भोक लागतं. खिडकीच्या चार कोपऱ्यांत सेंटर पंचने खूण करून, उसन्या आणलेल्या ड्रिलने आधी ३ आणि मग स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं टोक) १२ पर्यंत गेले. गोंगाट एवढाच, दहा मिनिटांचा.

एका दाबात जेमतेम दीड मिलिमीटर पुढे सरकतं. माझी खिडकी २२ बाय २६ सेंटिमीटरची, म्हणजे सव्वासहाशेच्या वर दाब. माझा पंजा लहान आहे, साठ-सत्तर दाबांनंतर अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. मुठीला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळली तेव्हा बरं वाटलं. दर पन्नास दाबांनी आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दातावर सोडला की मूठ मऊ चालते, न सोडलं तर लगेच जाणवतं. दोन संध्याकाळी गेल्या, पण खालची रेघ जवळ आली तेव्हा दर दाबाला थांबून बघता येत होतं. मशीनवर ते जमलं नसतं. अक्षरं शाबूत आहेत.

गोल कापताना निबलरची मर्यादा दिसते. दात चौकोनी, त्यामुळे कड करवतीसारखी निघते. रेषेच्या एक मिलिमीटर आतून कापा आणि उरलेलं अर्धगोल कानशीने घासा. घासण्यातच माझा तास गेला. पंख्याच्या चार स्क्रूंची भोकं एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर येतात. आधी पुठ्ठ्यावर काढून, तो पुठ्ठा चिकटवून मगच पंच मारा.

तक्रार दोन गोष्टींची. पॅनेलच्या कडेला पत्रा दुमडलेला असतो, तिथे जाडी दुप्पट होते आणि दात अडकतो. मी जोर लावला आणि आतली स्प्रिंग निसटली. परत बसवता आली, पण मूठ तेव्हापासून थोडी ढिली आहे. दुसरं, निबलरच्या खोक्यावर ना कंपनीचं नाव धड छापलेलं, ना दाताचा सुटा भाग कुठे मिळेल याची माहिती. आता दात बोथटलाय आणि काका म्हणतात, पुढच्या मालात सुटा दात येईल.

तुकड्यांचं आधीच सांगते. नखाच्या कातरणाएवढे हे तुकडे टोकदार असतात आणि अनवाणी पायात घुसतात. कापण्याआधी कॅबिनेट पूर्ण रिकामं करा, कारण एखादा तुकडा मदरबोर्डखाली राहिला तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. मोडक्या स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी फरशीवरून फिरवला. मग पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतला, की सगळे तुकडे पिशवीतच राहतात.

पुढचं फार लांबवत नाही. कडेला रबर बीडिंग, आतून ३ मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिक, बाहेरून प्रायमर आणि गडद हिरवा स्प्रे. अक्षरांवर मास्किंग टेप लावून ठेवली होती. रंग दिवाळीच्या सुट्टीत दिला, पावसाळ्यात दिला असता तर दमट हवेत पांढुरका पडला असता. अ‍ॅक्रिलिक मात्र थिनरने पुसू नका, बारीक तडे जातात. समोरचा पिवळा पडलेला प्लॅस्टिकचा मुखवटा तसाच ठेवलाय, फक्त साबणाने धुतला. पॉवर एलईडीची जुनी वायर तीन पिनांची निघाली आणि नव्या बोर्डवर जागा दोनच पिनांची. सुईने कनेक्टरची जीभ उचलून एक पिन शेजारच्या खाचेत सरकवली, झालं.

लेकीने तिचे व्हिडिओ एडिट करताना मोजलं. आधी प्रोसेसर ८१ अंशांपर्यंत चढायचा, आता ६८ वर थांबतो. आवाज मला कमी वाटतो, ती म्हणते सारखाच आहे.

हातात वेळ असेल आणि जुन्या डब्यावर माया असेल तर ९५० रुपयांत निबलर घ्याच. पाचपैकी चार. दुकानातच टाकाऊ पत्र्यावर दहा वेळा दाबून बघा. दहाव्या दाबाला बोटं दुखली तर दुसरा नग मागा, दोन नगांच्या स्प्रिंगमध्ये फरक असतो.

कॅबिनेटच्या वरच्या पत्र्यावर पेन्सिलने आणखी एक गोल काढून ठेवलाय. नवा दात आला की त्याला हात घालणार आहे.