मार्गरीत, सुझान, मादलेन की झोझेफीन? मुलीसाठी जुने फ्रेंच नाव निवडताना

फ्रान्समध्ये राहणाऱ्या किंवा फ्रेंच घराशी सोयरीक जुळलेल्या मराठी कुटुंबात मुलगी जन्माला येणार असेल, तर तिला तिथल्या पणजीच्या काळातील एखादे नाव द्यावे असा विचार निघणे स्वाभाविक आहे, कारण त्या देशात अशा नावांना पुन्हा चलती आली आहे. मात्र सगळीच जुनी नावे परतलेली नाहीत. नाव साधारण शंभर वर्षे जुने झाले की ते गोड वाटू लागते, पण आजीच्या पिढीचे नाव नुसतेच जुनाट वाटते, असा तिथला अनुभव आहे. त्यामुळे लुईझ, झान, सुझान ही नावे पाळण्यात परतली, तर मोनीक, निकोल, मार्तीन ही १९४०-५० च्या दशकांतील नावे अजून ताटकळत आहेत. आपल्याकडे रमा परत आली आणि शालिनी अजून यायची आहे, तसाच हा प्रकार आहे.

निवड करताना पूर्ण नावाइतकाच, किंबहुना थोडा अधिक विचार घरगुती नावाचा करावा, असे माझे मत आहे. १८०३ च्या कायद्याने फ्रान्समधील नावे पंचांगातील संत आणि प्राचीन इतिहासातील व्यक्ती यांच्यापुरती मर्यादित केली होती, आणि ही चौकट पुढे सैल होत गेली तरी पालकांना खरी मोकळीक १९९३ मध्येच मिळाली. एकाच गावात अनेक मारी आणि अनेक झान असल्या की त्यांना वेगळे ओळखण्याचे काम लाडक्या नावांकडे येई, म्हणूनच मानों, निनों, फांशों, बाबेत अशी भरघोस संपत्ती त्या भाषेत साठली. कागदावर राहणारे नाव आणि दिवसभर हाकेत असणारे नाव या दोन्हींचा मेळ जिथे बसतो, ते नाव निवडावे.

या कसोटीवर मार्गरीत सर्वांत श्रीमंत ठरते. १९०० च्या सुमारास ते अतिशय प्रचलित होते. १९८० मध्ये फ्रेंच अकादमी या भाषा-साहित्याच्या मानाच्या संस्थेवर निवडून आलेली पहिली स्त्री, लेखिका मार्गरीत युर्सनार, हिच्यामुळे त्याला विद्वत्तेचे वजनही आहे. त्याचे सर्वपरिचित लघुरूप मार्गो, परंतु तेच भारतात अडचणीचे आहे. रोमन लिपीतील त्याच्या शेवटच्या अनुच्चारित अक्षरामुळे इथे कोणीही ‘मार्गोट’ असे वाचणार, आणि ज्याला उच्चार बरोबर जमेल त्याला कडुनिंबाचा साबण आठवणार. याउलट ‘गीत’ हे दुसरे, अधिक जुन्या वळणाचे लघुरूप आज फ्रान्समध्येही क्वचित ऐकू येते. दीजों येथील कार्मेल मठातील संत एलिझाबेत (१८८०-१९०६) हिच्या धाकट्या बहिणीला, मार्गरीतला, घरी याच नावाने हाक मारीत. पुण्याच्या आजीला ते जसेच्या तसे म्हणता येईल आणि फ्रान्समधील लील शहराच्या आजीला ते आपल्याच घरातले वाटेल, असा योग दुर्मीळ आहे. पूर्ण नाव मात्र लांबलचक आहे आणि आपल्या कार्यालयांत त्याचे ‘मार्गारेट’ होण्याची शक्यता गृहीत धरावी.

सुझान हे दोन्ही देशांत सर्वांत कमी त्रास देणारे नाव आहे. फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धा जिथे होते त्या रोलां गारोसच्या दुसऱ्या मुख्य कोर्टला जिचे नाव दिले आहे, त्या सुझान लांग्लेनने १९१९ ते १९२५ या काळात विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद सहा वेळा मिळवले. त्यामुळे या नावात वयस्कर स्त्रीचा संथपणा नाही. आपल्या बाजूने पाहिले तर जे. आर. डी. टाटा यांच्या फ्रेंच मातोश्री सुझान ब्रिएर लग्नानंतर ‘सुनी’ झाल्या, म्हणजे या नावाला मुंबईचे घरगुती रूप शतकापूर्वीच मिळालेले आहे. फ्रेंच लघुरूपांपैकी सुझों खेळकर वाटते, सुझी सर्वत्र चालते. सुझेत म्हटले की मात्र लोकांना ‘क्रेप सुझेत’ हे गोड धिरडे आठवते.

मादलेन उच्चाराला मृदू आहे, पण त्याला दोन गोष्टी चिकटलेल्या आहेत. एक याच नावाचा शिंपल्याच्या आकाराचा केक, जो निरुपद्रवी आहे. आणि दुसरी ‘मादलेनसारखे रडणे’ ही म्हण, जी मेरी मॅग्डालेनवरून आली असून रडव्या वयातील मुलीला शाळेत हमखास ऐकवली जाईल. लघुरूप मादो हे युद्धोत्तर काळातील कॅफेच्या मालकिणीचे वाटते, ज्यांना ती छटा आवडते त्यांनी अवश्य घ्यावे. मुंबईच्या इंग्रजी शाळेत मात्र याचे ‘मॅड’ व्हायला वेळ लागणार नाही. सिमोनचेही असेच आहे. १९७५ चा गर्भपाताचा कायदा घडवणाऱ्या मंत्री सिमोन वेल यांच्यामुळे नावाला मोठा मान आहे, परंतु ‘आं व्वात्यूर, सिमोन’ (चला, बसा गाडीत) हा वाक्प्रचार ती मुलगी जन्मभर ऐकणार, आणि जवळचे म्हणावे असे लघुरूपही फारसे नाही.

झोझेफीनमध्ये थाट आहे. मार्तिनिक या कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या, नेपोलियनच्या सम्राज्ञीला आधी घरी रोझ म्हणत, झोझेफीन हे नाव नेपोलियनने रूढ केले. नंतर २०२१ मध्ये पाँतेओं या पॅरिसमधील राष्ट्रीय स्मारकात मरणोत्तर सन्मान मिळालेल्या गायिका-नर्तकी झोझेफीन बेकरने त्याला वेगळे तेज दिले. पण ‘फीफी’ हे लघुरूप कुत्र्याच्या पिलाला शोभेल असे आहे, झोझे हे पुरुषाचे नाव ठरते आणि उरते ते फक्त जो. शिवाय या नावातील एका स्वरावर तिरकी रेघ येते. पासपोर्टच्या यंत्रवाच्य ओळीत ती राहत नाही, त्यामुळे दोन देशांच्या कागदांत नाव दोन प्रकारे दिसते.

लुईझ आणि झान सुंदर आहेत, पण वर्गात आणखी एखादी निघण्याची तयारी ठेवावी. विशेषतः लुईझ अलीकडच्या काही वर्षांत यादीच्या शिखराशी आहे, आणि वसई-गोव्याकडे ते कानावर पडताच लोक मुलगाच समजतील. लघुरूपांपैकी ‘झीझी’ कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये, फ्रेंच बालभाषेत त्याचा अर्थ मुलग्यांच्या अवयवाशी निगडित आहे. ‘नाना’ही टाळावे, तिथे तो बाईसाठीचा बोलीतला शब्द आहे आणि आपल्याकडे धोतर नेसलेले आजोबा.

कुटुंब दोन्ही देशांत विभागलेले असेल तर मी मार्गरीत नोंदवून घरी गीत म्हणेन. कागदपत्रांची दगदग नको असेल तर सुझान. लघुरूपच थेट नोंदवण्याची मुभा आहे आणि अनेक मार्गो तशाच नोंदल्या गेल्या आहेत, परंतु लांब नाव नोंदवले तर मोठेपणी मुलीला स्वतःचे लघुरूप निवडता येते. मराठी नावही जोडावे, कारण फ्रेंच नागरी संहितेच्या ५७ व्या कलमानुसार जन्मदाखल्यातील कोणतेही नाव नेहमीच्या वापरासाठी निवडता येते. जन्माची नोंद पाच दिवसांत जन्मस्थळाच्या मेरीत, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात, करायची असते. तेथे प्रत्येक नावानंतर स्वल्पविराम पडला आहे ना हे सही करण्यापूर्वी पाहावे, कारण नुसती मोकळी जागा सोडली तर दोन नावे मिळून एकच जोडनाव धरले जाते.