इसबगोल की भाकरी-उसळ? गरोदरपणातल्या साखरेला मी काय लावून पाहिलं

सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी प्यायले आणि दोन तासांनी आकडा आला १५८. १४० झाले की गरोदरपणातला मधुमेह असं नाव लागतं, ते लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन आठवडे जेवण सुधारून बघू. तंतू वाढव, भात कमी कर, जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल. नाही जमलं तर औषध आहेच." तंतू (फायबर) वाढव म्हणजे नेमकं काय करू, हे विचारायचं मला जिना उतरल्यावर सुचलं.

घरात लगेच दोन तट पडले. नवऱ्याने त्याच संध्याकाळी मेडिकलमधून इसबगोलाचा डबा आणला. आईने निलंग्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर शाळूचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ आणि मटकी धाडली. मी लातुरात राहते, शाळेत शिकवते, सकाळी साडेनऊला घर सोडते. पहिले बारा-तेरा दिवस इसबगोल घेतलं, मग ते सोडून बाळंत होईपर्यंत भाकरी-उसळीवर राहिले. तुमच्यापुढे हाच प्रश्न असेल तर माझा अनुभव ऐका, पण तुमचं शरीर माझं नाही हे धरून.

आधी इसबगोलाची बाजू, कारण त्यावर उगाच आळ नको. ते काम करतं. पाण्यात फुगून त्याचा बुळबुळीत गोळा होतो, त्यामुळे जेवण पोटातून सावकाश पुढे सरकतं आणि साखर एकदम रक्तात धावत नाही. एका चमच्यात, म्हणजे पाच ग्रॅममध्ये, साधारण चार ग्रॅम तंतू येतात. गरोदर बाईला दिवसाला निदान २८ ग्रॅम तंतू सांगतात. त्यातले चार ग्रॅम न शिजवता, न चावता मिळत असतील तर वाईट काय? पोळी, वरण, मूठभर भात या नेहमीच्या जेवणावर दोन तासांनी माझी साखर १४० च्या आसपास जायची. जेवणाआधी इसबगोल घेतलं त्या दुपारी १२४, ११९, १२८ असे आकडे दिसले. हवे होते १२० च्या आत. म्हणजे दाराशी आलं होतं. शिवाय लोहाच्या गोळ्यांनी जो कोठा जड होतो, तोही मोकळा झाला. एवढंच बघायचं असतं तर मी आजही इसबगोलाचंच नाव घेतलं असतं.

माझं बिनसलं ते घड्याळावरून.

मला थायरॉइडची गोळी आहे. ती सकाळी सहाला, उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. तिच्यापासून लोह आणि कॅल्शियम चार तास लांब ठेवायचं. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत, म्हणजे दुपारी आणि रात्री. लोहाची लाल गोळी कॅल्शियमबरोबर चालत नाही, म्हणून ती दुपारी चारच्या सुमारास, लिंबूपाण्यासोबत. आता इसबगोल घ्यायचं जेवणाच्या आधी, पण कुठल्याही गोळीपासून दोन तास लांब, कारण ते गोळीही आपल्या बुळबुळीत धरून ठेवतं. बसवा बघू हे! मी वहीच्या मागच्या पानावर बसवायला घेतलं. दुपारच्या जेवणाआधी इसबगोल, तर जेवणासोबतचं कॅल्शियम गेलं. कॅल्शियम मागे सरकवलं तर लोहाला धक्का. लोह संध्याकाळी नेलं तर रात्रीच्या इसबगोलाशी गाठ. वर प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचायचं. मोबाइलवर सात गजर झाले. त्यातला एक सहावीच्या गणिताच्या तासाला वाजायचा आणि मुलं ओरडायची, "बाई, तुमचं पाणी!"

एका मधल्या सुट्टीत पेल्यात इसबगोल ढवळलं आणि कुणाचे तरी पालक आले. दहा मिनिटांनी परत येऊन बघते तर पेल्यात खळ झालेली. चमचा उभा राहिला, आडवा पडेना. ते गिळायचं धाडस झालं नाही, करूही नये. इसबगोल भरपूर पाण्यात टाकून लगेच प्यायचं असतं, घट्ट झालेलं घशात अडकू शकतं. मी ते कडुलिंबाच्या आळ्यात ओतलं, उपाशीपोटी राहवेना म्हणून डबा खाल्ला आणि गडबडीत लाल गोळीही तेव्हाच घेऊन टाकली. कॅल्शियम त्या दिवशी राहिलंच. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८. इसबगोलामुळेच ते वाढलं नाही असं मी म्हणणार नाही, बारा-तेरा दिवसांत तेवढं होतही नसावं. पण डॉक्टरबाईंनी विचारलं, "लोह कशावर घेतेस, किती वाजता?" आणि मला धड उत्तर देता येईना. त्या दिवशी इसबगोलाचा डबा फळीवर मागे गेला.

जाता जाता, संत्र्याच्या चवीचं इसबगोल घेत असाल तर वेष्टन उलटून वाचा. काहींत चक्क साखर असते.

आता भाकरी. तिचीही पूजा मांडायला नको. पहिल्याच आठवड्यात मी आईच्या हातच्या दोन भाकरी, पातळ वरण आणि ठेचा असं जेवले आणि दोन तासांनी मशीन म्हणालं १५६. आई मानायलाच तयार नाही. "भाकरीनं कुठं साखर वाढती का?" वाढते. आमच्याकडची भाकरी ताटाएवढी. शेवटी मी पिठाचा गोळा काट्यावर ठेवला, तर एका भाकरीला शंभर ग्रॅमच्या वर पीठ लागत होतं. अशा दोन खाल्ल्यावर कुठला तंतू पुरणार? आणि खरं सांगायचं तर तंतूंच्या हिशेबात ज्वारी आणि न चाळलेलं गव्हाचं पीठ यांत मोठा फरक नाही, दोन्हींत शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास. पोळीला बदनाम करून भाकरीला डोक्यावर घ्यावं असं त्यात काही नाही.

मग फरक पडला कशाने? माझ्या मते भाकरीच्या शेजारी काय असतं त्याने. पोळी भाजीच्या रश्श्यासोबत, दुधासोबत, चहासोबत कशीही सरकते, तिसरी कधी संपली कळत नाही. भाकरीला कालवण लागतं आणि ती चावावी लागते. मी साठ ग्रॅम पिठाची एकच भाकरी ठेवली आणि वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ दोन वाट्या केली. कधी मटकीच्या जागी हुलगे, कधी अख्खे मूग. सोबत मेथी, करडई नाहीतर ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडी. आणि आधी भाजी-उसळ अर्धी संपवायची, मग भाकरी मोडायची. त्या ताटावर ११८, ११२, ११६. इसबगोलाच्या दिवसांपेक्षा फार खाली नाही, हे कबूल. पण तोवर तिसावा आठवडा उलटला होता, आणि या महिन्यांत वारेच्या (प्लासेंटाच्या) संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा जोर कमी कमी होत जातो. आकडे वर जायच्या दिवसांत ते तिथेच थांबले. मुख्य म्हणजे कॅल्शियमची गोळी त्याच ताटासोबत निमूट जायची. डाळी-धान्यांतही लोह अडवणारे घटक असतात, पण माझं लोह जेवणापासून तीन तास लांब होतंच. गजर सातावरून चारावर आले.

भाकरीचा जाच वेगळा. पीठ ताजं हवं. महिना उलटला की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडा चिरतात आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे. म्हणून आठवड्याला दीड-दोन किलोच दळून आणायचं, चाळायचं नाही. आठव्या महिन्यात ओट्याला पोट लागतं, थापायला वाकता येत नाही. मला सासूबाई थापून द्यायच्या, म्हणून मी हे एवढ्या सहज लिहिते आहे. शाळेच्या डब्यात एक वाजेपर्यंत भाकरी चामड्यासारखी होते. ती कुस्करून ताकात भिजवायची नाहीतर उसळीच्या रश्श्यात. उसळीने पहिले चार दिवस गॅसही धरतो, तेव्हा एकदम दोन वाट्यांवर उडी मारू नका. अर्ध्या वाटीपासून चढवा आणि पाणी वाढवा.

डिसेंबरात येळवस आली, म्हणजे आमच्याकडची वेळा अमावास्या, शेतात पूजा करून जेवायचा सण. शेतात कडब्याची कोप उभारलेली, पांडवांची पूजा झाली, समोर भज्जी, बाजरीचे उंडे, अंबिल आणि गव्हाची खीर. मी घाबरतच जेवले. भज्जी दोन द्रोण, एक उंडा, पेलाभर अंबिल, खीर जिभेला लावण्यापुरती. बांधावरून चालून आले आणि बाभळीखाली बसून बोट टोचलं. ११४. भज्जीत ओली तूर, वाटाणा, हरभरा, पालेभाजी, शेंगदाणे सगळंच असतं. माझ्या रोजच्या ताटाचीच ती थोरली बहीण होती. चुलतसासू वाकून आकडा बघत म्हणाल्या, "पास झालीस का?"

एका ठिकाणी मात्र दोन्हींनी हात टेकले. उपाशीपोटीची साखर ९५ च्या आत हवी, माझी ९८ ते १०२ अशीच राहिली. ती जेवणावर कमी आणि रात्रभर यकृत काय सोडतं त्यावर जास्त चालते, तिथे तंतू काय करणार? तिसाव्या आठवड्यात रात्रीचं थोडं इन्सुलिन लागलंच. त्यामुळे माझी तुलना पुढे चोख राहिली नाही, हेही लक्षात घ्या. आणि इन्सुलिन सुरू झालं म्हणजे आपण जेवणात कमी पडलो असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

थापून द्यायला घरात कुणी नसेल, मेसचं जेवण असेल किंवा कोठा फारच जड असेल, आणि थायरॉइडची भानगड नसेल, तर इसबगोल तुम्हाला सोयीचं पडेल. तेही डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवून, वेळा लिहून घेऊन. बाकीच्यांनी आधी भाकरीचं पीठ एकदा काट्यावर ठेवावं आणि मटकी भिजत घालावी.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजचं पाणी प्यायले, या वेळी आकडा १२६. सासूबाई अजून माझी भाकरी वेगळी, लहान थापतात. लेकरू रांगत येऊन तिचाच तुकडा मागतं.